क्लेमंटचा कान

क्लेमंट लार्टरच्या पत्राला मी आठ वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र लांबलचक नव्हतं. कागदाच्या एकाच बाजूला मावलेलं, निळ्या शाईतलं, सगळं आयुष्य चामडं कापण्यात गेलेल्या माणसाच्या ठाम अक्षरातलं. त्यात एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. मी ते पत्र फर्न-नेच्यांवरच्या एका जाड पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक वरच्या फळीवर सारलं. पुढे कधी नेच्यांबद्दल काही पाहायचं झालं, तर मी दुसरं पुस्तक काढत असे.

प्रश्न असा होता: "हेडली, एक्याऐंशी सालच्या आपल्या वादनात, दोन तास उलटून गेल्यावर, तू आणि रूबेन एकमेकांच्या जागी गेला होतात का? मला तसं ऐकू आलं होतं. मग वाटलं, माझाच कान चुकला. आठातले आता आपण दोघंच उरलो. तुला आठवत असेल तर सांग."

आमच्याकडे चर्चच्या घंटांवर सूर वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. आठ घंटा, आठ माणसं, प्रत्येकाच्या हाती एक दोर. घंटा एकामागून एक वाजतात आणि दर फेरीला त्यांचा क्रम बदलतो. एकदा येऊन गेलेला क्रम पुन्हा येता कामा नये. मोठं वादन म्हणजे असे पाच हजारांवर क्रम, तीन तास, उभ्यानं, हाती कागद नाही, मधे पाण्याचा घोट नाही. आठांपैकी एक जण म्होरक्या असतो आणि तोंड उघडायचं ते फक्त त्यानं. तो स्वतःची घंटा वाजवता वाजवता बाकीच्या सातांचं ऐकतो, ठरल्या ठिकाणी हाक देतो, कोणी भरकटलं तर त्याला जागेवर आणतो. दोघांची अदलाबदल झाली आणि वादन तसंच पुढे गेलं, तर ते खोटं. मग ते मोजायचं नाही. तपासायला बाहेरून कोणी येत नाही. आठ जणांनी सांगितलं की खरं, तर खरं.

आमचं ते वादन खरं म्हणून मोजलं गेलं. मनोऱ्यातल्या दोरांच्या खोलीत भिंतीवर लाकडी पाटी लागली, काळ्यावर सोनेरी अक्षरांत आठ नावं, आणि क्लेमंटच्या नावापुढे 'म्होरक्या'.

मी तेव्हा नॉरिचच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. पुढे बदली घेऊन ओकमला आलो, घंटा सोडल्या आणि थेल्माशी लग्न केलं. थेल्मा पोहायला शिकवायची. तिचा आवाज अजूनही तलावाच्या पलीकडच्या टोकाला पोचेल असा आहे. निवृत्तीनंतर दर शरद ऋतूत आम्ही एखाद्या जुन्या शहरात दोन रात्री राहून येतो. यॉर्क झालं, डरम झालं, चेस्टर, वेल्स. दर वर्षी ती नॉरिचचं नाव काढायची आणि दर वर्षी मला काहीतरी कारण सापडायचं. या वर्षी तिनं मला न विचारताच खोली ठरवून टाकली.

"सात वर्षं राहिलास तिथे," गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आणि मला एकदा दाखवलं नाहीस. कोणी बाई होती का?"

"नव्हती."

"असती तर बरं झालं असतं. आठवणीत सांगण्यासारखं काहीतरी असतं तुझ्याकडे."

समोर बसलेला माणूस वर्तमानपत्रामागे हसला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कोटाच्या आतल्या खिशात क्लेमंटचं पत्र होतं. निघायच्या दिवशी सकाळी शिडी लावून मी ते का काढून घेतलं हे मलाच नीट सांगता आलं नसतं. क्लेमंटच्या घराची बेल वाजवायची हिंमत माझ्यात येणार नव्हती, हे मला माहीत होतं. तरी घेतलं.

शुक्रवारी आम्ही कॅथेड्रल पाहिलं आणि दगडगोट्यांच्या उतारावरून खाली जाताना थेल्मानं माझा हात धरला, कारण तिचा गुडघा. शनिवारी सकाळी बाजारात उभ्याउभ्या वाटाण्याचा लगदा पुदिन्याची चटणी घालून खाल्ला. मला हळूहळू वाटायला लागलं होतं, की हे दोन दिवस निभावतील. तेवढ्यात तिनं पर्यटन कार्यालयातून आणलेला कागद उलगडला.

"हे बघ. 'नदीकाठचं चर्च, घंटांचा मनोरा आज लोकांसाठी खुला.' तू तिथेच वाजवायचास ना?"

"कुठेकुठे वाजवायचो. पायऱ्या फार आहेत."

"किती?"

"अठ्ठावन्न."

"म्हणजे तिथेच," थेल्मा म्हणाली. "चल. गुडघा माझा दुखतो, तुझा नाही."

पायऱ्या चढताना मी स्वतःची समजूत घालत होतो. पाटी असेल. थेल्मा माझं नाव वाचेल, काहीतरी चेष्टा करेल, आपण खाली येऊ. पत्राबद्दल तिला काहीच माहीत नाही. दोन मिनिटांचा प्रश्न आहे.

वरच्या खोलीत आठ दोर तसेच लोंबत होते, लोकरीच्या रंगीत मुठींसकट. भिंतीवर पाट्याही तशाच होत्या. फक्त खिडकीशेजारी, जिथे आमची होती तिथे, भिंतीचा एक फिकट चौकोन होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं.

मला आधी वाटलं, आपली जागाच चुकते आहे. असं मला नेहमी वाटतं. मी बाकीच्या पाट्या एकेक करून वाचल्या.

पॉलीन नावाची बाई पाहुण्यांना माहिती देत होती. साठीची, हातानं विणलेला स्वेटर, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. आता मनोऱ्याची सगळी व्यवस्था तीच बघते, असं तिनं सांगितलं. इतर पाहुणे खाली गेले, आम्ही दोघंच राहिलो. थेल्माला रिकामी जागा पाहवत नाही.

"इथलं काय काढलंत हो?"

"ते होय," पॉलीन म्हणाली. "आम्ही नाही काढलं. क्लेमंटनं काढलं. आमचा जुना माणूस. पाच वर्षं झाली. मंगळवारी सरावाला आला तो खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. पंच्याऐंशीचा म्हातारा, चढला की स्टुलावर! आम्ही खालून ओरडतोय, 'अहो काका, उतरा, पडाल!' तर म्हणतो, 'स्टूल धरा, नाहीतर गप्प बसा.' मग धरलं स्टूल."

"पण काढली कशाला?"

"म्हणे वादन खोटं होतं. मधे कुठेतरी दोन घंटांची अदलाबदल झाली असावी, किंवा त्यानंच हाक चुकीच्या जागी दिली असावी. चाळीस वर्षं झाली हो त्याला! आम्ही म्हटलं, राहू द्या, कोणाला काय कळतंय. तर म्हणाला, 'ज्याला विचारायचं त्याला विचारलं मी. भला माणूस आहे. उत्तर देत नाही, म्हणजे मला दुखवायचं नाही त्याला. चूक माझीच असणार.'"

मी एका दोराची मूठ हातात घेतली. ती पाचवी होती, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"त्याला हात लावू नका हं," पॉलीन मला म्हणाली. मी सोडली.

"बिचारा," थेल्मा म्हणाली.

"बिचारा तर खराच. ते एकच वादन त्यानं म्होरक्या म्हणून केलं. पुन्हा कधीच नाही. आम्ही दरसाल गळ घालायचो. 'माझ्या कानाचा भरवसा नाही,' एवढंच. आणि खरं सांगू, सगळ्या नॉरफोकमध्ये तसा कान नव्हता. मी शिकले ती त्याच्या हाताखाली. मी खोटं बोलले तरी ओळखायचा, घंटा तर सोडाच." ती वाकली आणि कपाटामागून पाटी ओढून काढली. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. "टाकवत नाही हो. हे बघा, किती सुरेख अक्षरं."

थेल्मानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चौथ्या नावापर्यंत ती सहज वाचत होती.

"पाचवी घंटा, हेडली गार्बट. अगं बाई, हा तर माझाच!"

पॉलीननं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला, अगदी एखादा हरवलेला नातेवाईक भेटावा तसा. "तुम्ही? अहो, मग सांगा ना! तुम्ही तर त्याच्या समोरच उभे असणार. खरंच चुकलं होतं का काही?"

ती वाट पाहत होती. इतकं सोपं कोणी कधी माझ्या हातात दिलं नव्हतं. एक 'हो' म्हणायचं होतं.

"फार वर्षं झाली," मी म्हणालो. "नीटसं आठवत नाही."

"खरंच आहे," ती म्हणाली, आणि पाटी पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवली.

थेल्मा पॉलीनशी आणखी दोन मिनिटं काहीतरी बोलत मागे राहिली, मी पुढे उतरलो. नंतर तिची पावलं मागून ऐकू आली. अठ्ठावन्न पायऱ्या थेल्मा गप्प राहिली. आमच्या लग्नात असं फार वेळा झालेलं नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुझे कान लाल झालेत."

"ऊन आहे."

"कुठे आहे ऊन?"

मी वर पाहिलं. आभाळ भरलेलं होतं.

"हेडली, तू वीस वर्षांपूर्वीच्या ग्रंथालयाच्या सहलीत कोण कुठल्या बाकावर बसलं होतं ते सांगतोस. आणि तीन तास उभा राहून वाजवलेलं आठवत नाही?"

नदीच्या पुलाशी एक चहाचं दुकान होतं. आम्ही कोपऱ्यातलं टेबल घेतलं. मी खिशातून पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं, कारण ते देणं बोलण्यापेक्षा सोपं होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि वरची तारीख बोटानं दाखवली.

"आठ वर्षं?"

"हो."

"हा म्हातारा तुला भला माणूस समजतोय."

"हो."

"सांग. सगळं सांग. आणि 'कदाचित' न लावता."

मी सांगितलं. दोन तास झाले होते. माझं लक्ष गेलं. कशानं गेलं हेसुद्धा आठवतं. मी ग्रंथालयातल्या एका बाईंना लिहायच्या चिठ्ठीतलं वाक्य मनात जुळवत होतो. (थेल्मा म्हणाली, "म्हणजे बाई होती." मी म्हणालो, "दंडाची चिठ्ठी होती.") दोन ठोके मी नुसताच दोर ओढला, आणि परत ऐकू लागलो तेव्हा समोर जी रिकामी जागा दिसली तीत घुसलो. ती रूबेन अटिंगची होती. रूबेन सुतार होता, शांत माणूस. टक्कर होऊ नये म्हणून त्यानं माझी जागा घेतली. आम्ही तसेच पुढे गेलो, तो माझ्या वाटेनं आणि मी त्याच्या. क्लेमंटनं एकदा माझ्याकडे पाहिलं. भुवया जवळ आणून, डोकं जरा कलतं करून. त्यानं नुसतं माझं नाव घेतलं असतं तर मी परत गेलो असतो. पण त्याची पहिलीच वेळ होती आणि माझ्या चेहऱ्यावर, मला वाटतं, पूर्ण खात्री दिसत असावी, कारण भीतीनं तो ताठ झाला होता. मी नजर खाली घातली. क्लेमंटनं मान हलवली आणि पुढची हाक दिली. त्यानंतर दहा मिनिटांनी मी रूबेनकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि आमच्या वाटा एकमेकींना छेदतात त्या ठिकाणी आम्ही गुपचूप आपापल्या जागी परतलो. शेवट अगदी बरोबर झाला.

"आणि मग?"

"मग क्लेमंट दोर बांधून जमिनीवर बसला आणि हसायला लागला. खाली त्याची बायको आणि त्याच्या चामड्याच्या कारखान्यातली निम्मी माणसं सँडविच घेऊन उभी होती. जिन्यात रूबेन मला म्हणाला, 'आज नको. उद्या सांगू.'"

"आणि उद्या?"

"उद्या रूबेन म्हणाला, तू सांग. मी म्हणालो, तू सांग. चौऱ्याण्णवला रूबेन गेला."

थेल्मानं चहा ओतला. माझ्या कपात दूध जास्त पडलं, तिनं ते पाहिलं आणि कप तसाच माझ्याकडे सरकवला.

"पत्र आलं तेव्हा मला वाटलं, त्याचं ते एकुलतं एक वादन आहे," मी म्हणालो. "म्हातारपणी ते त्याच्याकडून कशाला काढून घ्यायचं. आणि असंही वाटलं, की कदाचित मलाच नीट आठवत नसेल. माझं तुला माहीत आहे. मला कशाचीच खात्री नसते."

"याची आहे?"

"याची आहे."

"म्हणजे चाळीस वर्षांत तुला एका गोष्टीची खात्री झाली, आणि तेवढीच तू बोलला नाहीस." ती पत्राची घडी घालू लागली. "आणि काय काढून घेणार होतास तू त्याच्याकडून? पाटी त्यानं स्वतःच काढली. तुझ्या गप्प बसण्यानं त्याचं राहिलं काय? त्याला वाटतंय, त्याला ऐकू येत नव्हतं. त्याला ऐकू येत होतं, हेडली! तो कान कसा होता हे सगळ्यांना ठाऊक आहे, तुला तर सगळ्यांत जास्त, आणि फक्त त्याला स्वतःलाच ठाऊक नाही."

शेजारच्या टेबलावरच्या दोन बायकांनी आमच्याकडे वळून पाहिलं. तलावाच्या पलीकडचं टोक, म्हटलं ना मी.

मी आयुष्यभर स्वतःवर संशय घेत आलो आहे आणि त्याची मला सवय आहे. थंडीत जाड मोजे घालावेत तशी. पण क्लेमंटचा तसा स्वभाव नव्हता. तो चामड्यावर एकदा हात फिरवायचा आणि सरळ कापायचा. हा संशय त्याच्या घरी मी नेऊन ठेवला होता, आणि तो त्याच्याबरोबर चव्वेचाळीस वर्षं राहिला.

"मला त्याच्यासमोर उभं राहता येणार नाही," मी शेवटी म्हणालो.

"उभा राहूही नकोस. तो इथे नाहीच. शेरिंगहॅमला पुतणीकडे असतो, आणि आता ठार बहिरा झालाय. पत्रं तेवढी वाचतो." तिनं पर्यटन कार्यालयाचा तो कागद पालथा केला. मागे पॉलीनच्या अक्षरात पत्ता होता.

"हा कधी घेतलास?"

"तू कान लाल करून जिना उतरत होतास तेव्हा. म्हटलं, नाताळचं कार्ड पाठवू."

शेजारच्या दुकानातून तिनं कागद, पाकीट आणि तिकीट आणलं आणि माझ्यापुढे ठेवून स्वतःसाठी भाजलेला गोड पाव मागवला. मी लिहायला बसलो. तिचा पाव संपला, दुसरा चहा संपला. बाहेर पावसाची भुरभुर येऊन गेली. मी चार पानं लिहिली आणि तिच्याकडे सरकवली.

"पहिल्या पानावर तुझ्या ग्रंथालयाची इमारत आहे," ती म्हणाली.

"संदर्भासाठी."

"त्यानं ती पाहिलेली आहे. दुसऱ्या पानावर रूबेन कसा चांगला होता. तिसऱ्यावर माणसाची स्मृती. तो नव्वद वर्षांचा आहे, हेडली. तिसऱ्या पानापर्यंत पोचेल याची तू खात्री देतोस? हे बघ, चौथ्या पानावर खाली, एक वाक्य आहे. ते वर घे."

"एवढंच?"

"त्यानं तुला कागदाच्या एकाच बाजूत विचारलं होतं."

मग मी हे लिहिलं:

"प्रिय क्लेमंट, तुझा कान चुकला नव्हता. माझं लक्ष गेलं, मी रूबेनच्या जागी शिरलो आणि मला सांभाळून घ्यायला तो माझ्या जागी गेला. दहा मिनिटांनी आम्ही नजरेनं ठरवून परत आलो. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तू बरोबर होतास, आणि मी नजर खाली घातली. वादन खोटं होतं ते माझ्यामुळे, तुझी एकही हाक चुकली नव्हती. हे त्याच दिवशी जिन्यात सांगायला हवं होतं, निदान तुझं पत्र आलं तेव्हा तरी. तुला दुखवू नये म्हणून मी गप्प बसलो नाही. मी घाबरलो होतो. आज पॉलीनलाही खोटं सांगून आलो. आता पुन्हा मनोऱ्यावर जाऊन तिला खरं सांगतो. तू म्हणशील तर मी शेरिंगहॅमला येईन. नाही म्हणालास तरी मला समजेल. हेडली गार्बट."

थेल्मानं ते वाचलं. 'तरी मला समजेल' यावर तिचं बोट थांबलं, पण तिनं ते राहू दिलं. पाकीट तिनंच चिकटवलं, मला पुन्हा उघडता येऊ नये म्हणून.

चर्चच्या कुंपणाला लागून लाल पत्रपेटी आहे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीही होती. शनिवारची पत्रं उचलायची शेवटची वेळ व्हायला पंधरा मिनिटं होती. मी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि थांबलो. 'प्रिय' म्हणायचा मला अधिकार आहे का, असं मनात आलं. 'एकही हाक चुकली नव्हती' हे मला इतकं ठामपणे कसं माहीत, असंही आलं. मी त्या दोन ठोक्यांनंतरच्या सगळ्या हाका मनात एकेक करून ऐकल्या. प्रत्येक आपल्या जागी होती.

"अरे, ती पेटी तुला चावणार नाही," थेल्मा म्हणाली.

मी बोटं उघडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.